पाइटलमधला चरख्या

वेनफर्ड गावात एखादा पक्षी आला आहे की नाही, हे पक्ष्यानं ठरवायचं नसे. ते आयव्हर गुडरम ठरवायचा.

एनिडच्या दुकानाबाहेर भिंतीवर एक फळा होता. ज्याला जे दिसेल त्यानं ते खडूनं लिहावं: ‘पाकोळ्या, चार, चर्चवर’, ‘कुकू, सकाळी सहा, गिरणीपाशी’. लिहायची मुभा सगळ्यांना; पण संध्याकाळी आयव्हर यायचा, चष्मा कपाळावर चढवून ओळ न् ओळ वाचायचा आणि पटलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचा. न पटलेली ओळ ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. वाद नाही, खुलासा नाही. एकदा खुद्द पाद्रीबाईंनी लिहिलेला हळद्या त्यानं पुसला होता. पाद्रीबाई काही बोलल्या नाहीत. वेनफर्डमध्ये अशा बाबतीत कोणी काही बोलतच नाही. समोरच्याला अवघडल्यासारखं होण्यापेक्षा ही माणसं स्वतः तासभर पावसात उभी राहतील.

बरं, त्याचा अधिकार काही फुकटचा नव्हता. चाळीस वर्षं त्यानं सायकलवरून टपाल वाटलं होतं आणि प्रत्येक बांधावरचा प्रत्येक आवाज त्याला तोंडपाठ होता. एकतीस वर्षं तो गावच्या पक्ष्यांची मोजणी करत आला होता. मोजणीची रीत ठरलेली. एकदा एप्रिलच्या अखेरीला, एकदा जूनच्या सुरुवातीला, तीच वाट, तीच सकाळची वेळ, सावकाश चालत जायचं आणि जे स्वतःला कळेल तेवढंच वहीत लिहायचं. सोबतच्यानं सांगितलेलं धरायचं नाही. आणि दहातले नऊ पक्षी कानानंच टिपायचे, कारण जूनमध्ये पानं इतकी दाटतात की डोळ्यांना फारसं काम उरत नाही. आयव्हरच्या कानांचा गावाला अभिमान होता.

पण गेली तीन वर्षं त्याची वही रोडावत चालली होती. आधी चर्चच्या आवारातला सोनतुरा गेला. अंगठ्याएवढा पक्षी, डोक्यावर पिवळी रेघ, आवाज सुईच्या टोकासारखा. मग जंगलाच्या कडेचे दोन-तीन गेले. कस्तुर गात होता, रानपारवे घुमत होते, कुकू वेळेवर येत होता. पण त्यांच्यामधल्या जागा, ज्या पूर्वी बारीक बारीक आवाजांनी विणलेल्या असत, त्या मोकळ्या पडल्या होत्या. पहाटे तो वाटेवर उभा राही तेव्हा सगळं कसं मऊ, लांबचं, रात्रीत बर्फ पडून गेल्यासारखं वाटे. पक्षी संपत चालले आहेत, असं तो सगळ्यांना सांगे आणि सगळे माना डोलावत. त्याला वाईट वाटे. आणि ती शांतता मनातून थोडी आवडतेही, याची त्याला लाज वाटे.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागला होता तो चरख्या. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण वेनफर्डमधली जुनी माणसं त्याला चरख्याच म्हणत. मातकट रंगाचा, चिमणीहून लहान, झुडपात उंदरासारखा पळणारा. दिसत जवळपास नाहीच. ऐकू मात्र येतो: जाळीत बसून कोणीतरी सूत कातत असावं तशी एकसुरी, न थांबणारी घरघर, दोन दोन मिनिटं. हिल्डा गॅरडच्या शेताखाली ओढ्याकाठी एक पाणथळ तुकडा आहे, त्याला पाइटल म्हणतात. तिथे दर उन्हाळ्यात चरख्या यायचा. आयव्हर आणि ऑड्री लग्नाआधी तिथे सायकली टेकवून बसायचे ते त्याच्याच नावाखाली. ऑड्रीला जाऊन आता चार वर्षं झाली होती. ती गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यापासून वहीत चरख्यापुढे शून्य पडू लागलं.

आता यात हिल्डाची भानगड होती. हिल्डा म्हणजे अडुसष्ट वर्षांची, एकटीच्या जिवावर शेत हाकणारी, बोलायला फटकळ बाई. तिला पाइटलमधल्या काटेरी जाळ्या काढून तिथे घोड्यांसाठी कुरण करायचं होतं. तिनं आयव्हरला सरळ सांगून टाकलं होतं, “तुझा तो चरख्या असेल तर मी हात लावणार नाही. नसेल तर जाळ्या साफ. तू म्हणशील तसं.” तीन वर्षं त्यानं “अजून एक उन्हाळा थांब” म्हणून गयावया केली होती. यंदा तिनं बजावलं होतं, “जूनची मोजणी झाली की सांगायला ये. आहे की नाही, एवढंच. ऑगस्टमध्ये मशीन बोलावते.”

तर जूनच्या चार तारखेला, पहाटे साडेपाचला, आयव्हर निघाला. एप्रिलच्या फेरीत शून्य होतं. आज शून्य पडलं की पाइटल संपलं, आणि ते संपवणारा शब्द त्याच्याच तोंडून जाणार होता.

त्यात सोबतीला डॉरीन. डॉरीन थ्रोअर ही त्याची शेजारीण, वय सत्तर, आणि तिच्या तोंडाचा पट्टा इस्टरला सुरू झाला की नाताळलाच थांबे. हिवाळ्यात आयव्हर ओढ्यापाशी घसरून पडला होता. तेव्हापासून त्याच्या लेकीनं फोनवर तंबी दिली होती: एकट्यानं पाणथळीत जायचं नाही. डॉरीननं लगेच हात वर केला होता.

“एक अट,” आयव्हरनं फाटकाशीच सांगितलं. “दोन तास तोंड बंद.”

“बंद म्हणजे अगदी बंद?”

“अगदी.”

“आणि पाय मुरगळला तर?”

“खुणेनं सांग.”

डॉरीननं ओठांवर बोट ठेवलं, चहाचा थर्मास काखेत मारला आणि निघाली. खरं सांगायचं तर तिनं शब्द पाळला. चर्चमागच्या वाटेनं, मग बार्लीच्या शेताच्या कडेनं ती त्याच्यामागून निमूट चालत राहिली. एकदा ससा दिसला तेव्हा तेवढा तिनं त्याचा कोट ओढला.

सकाळ अशी होती की बोलावंसं वाटूच नये. ओढ्यावरून धुकं उठत होतं आणि गुडघ्याइतकंच वर येऊन थबकत होतं, त्यामुळे गाई बिनपायांच्या दिसत होत्या. बांधाबांधावर एल्डरच्या फुलांच्या पांढऱ्या ताटल्या उमलल्या होत्या, त्यांचा गोड, थोडा मांजरासारखा वास हवेत होता. कुकू दोनदा बोलला आणि मग कुठेतरी दूर तिसऱ्यांदा. आयव्हर थांबे, कान टवकारे, पेन्सिलीनं लिही. कस्तुर, दोन. रानपारवा, पाच. चंडोल, एक, तो त्याला आकाशात ठिपक्याएवढा दिसला म्हणून. आपण चालतो आहोत की कोणी आपल्याला स्वप्नातून चालवतं आहे, असं त्याला क्षणभर वाटलं. ऑड्री पुढच्या वळणावर सायकल धरून उभी असेल तर त्याला नवल वाटलं नसतं.

पाइटलपाशी ते पोचले तेव्हा सात वाजत आले होते. उतारावर वर हिल्डाच्या घराचं धुराडं, खाली बोरू, लव्हाळे आणि त्या काटेरी जाळ्या. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या, तिथे आयव्हर उभा राहिला. नियमानं इथे पाच मिनिटं थांबायचं. त्यानं डोळे मिटले आणि सगळं अंग कानात गोळा केलं.

काही नाही. ओढ्याचं पाणी. एक रानपारवा. वाऱ्याची झुळूक.

पाचाची दहा मिनिटं झाली. त्यानं एवढ्या वर्षांत कधी जास्त वेळ घेतला नव्हता, आज घेतला. शेवटी त्यानं वही उघडली, चरख्या या शब्दापुढे पेन्सिल टेकवली, आणि शून्याची अर्धी गोलाई काढली तोच मागून कोट ओढला गेला.

“आयव्हर,” डॉरीन कुजबुजली. “माफ कर, पण आता असह्य झालं. ते कुंपण बंद करायला सांग ना हिल्डाला.”

“कुठलं कुंपण?”

“विजेचं रे. घोड्यांसाठी लावतात ते. आल्यापासून घरघरतंय. माझे दात शिवशिवायला लागले.”

“इथे विजेचं कुंपण नाहीये.”

“मग ते काय आहे?”

“ते म्हणजे काय?”

डॉरीननं त्याच्याकडे पाहिलं. आयव्हरनं तिच्याकडे पाहिलं.

“कुठून येतंय?” त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

डॉरीननं बोट केलं. “त्या जाळीतून. डावीकडची, ती पांढरी फुलं आहेत ना, त्याच्या जरा वर.”

त्यानं दुर्बीण लावली. पानं, काटे, फुलं, पुन्हा पानं. आणि मग जाळीच्या माथ्यावरच्या एका वाळक्या फांदीवर तो बसलेला दिसला, अगदी उघड्यावर, जणू यानं पाहावं म्हणूनच. मातकट पाठ, त्यावर काळपट रेघोट्या. चोच सताड उघडी. गळा थरथरत होता, इतक्या वेगानं की पिसं धूसर दिसत होती, आणि तो मान या बाजूकडून त्या बाजूकडे सावकाश फिरवत होता. जीव तोडून गात होता. आणि आयव्हरपर्यंत त्यातलं एवढंसुद्धा पोचत नव्हतं.

पक्ष्यानं चोच मिटली.

“आता?” आयव्हरनं दुर्बीण न काढता विचारलं.

“थांबलं.”

चोच उघडली.

“आणि आता?”

“झालं बघ सुरू पुन्हा. अरे, पण तुला—” डॉरीन बोलता बोलता थबकली. तिनं थर्मास खाली ठेवला. “अरे देवा,” ती म्हणाली. “आयव्हर.”

तो पायरीवर बसला. डॉरीननं झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी न सांगता गप्प राहिली. त्याला भयंकर शरम वाटत होती. आणि त्या शरमेच्या खालून, दगडाखालून पाणी यावं तसा आनंद वर येत होता, तो त्याला आवरेना. म्हणजे हे सगळे इथेच होते! सोनतुरा, जंगलाच्या कडेचे ते बारीक आवाजाचे, हा चरख्या. एकही गेला नव्हता. दरवर्षी येत होते, गात होते, पिल्लं वाढवत होते. गेला होता तो आयव्हरच.

“बरं, ऐक,” डॉरीन बऱ्याच वेळानं म्हणाली. “तू तो पाहिलास ना? स्वतःच्या डोळ्यांनी? मग वहीत लिहिता येतंय की.”

“येतं. दिसलेला धरतात.”

“मग झालं! लिही एक. हिल्डाला सांग, परत आला. जाळ्या वाचल्या, पक्षी वाचला. मी काही ऐकलं नाही, तू काही विचारलं नाहीस. माझं तोंड, तुला माहीत आहे, एकदा बंद झालं की बंद.”

हे ऐकून, एवढ्या दुःखातही, आयव्हरला हसू आलं. पण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. ‘परत आला.’ दोन शब्द. गाव आनंदानं टाळ्या वाजवेल, त्याचा खडू त्याच्या हातात राहील, त्याची वाट त्याच्या पायाखाली राहील. फक्त वहीतली तीन वर्षांची शून्यं तशीच राहतील, आणि पुढेमागे कोणीतरी ती वाचून समजेल की वेनफर्डच्या पाइटलमधून चरख्या तीन वर्षं गेला होता.

त्यानं अर्ध्या शून्यावर काट मारली आणि ‘एक’ लिहिलं. बाकी काही ठरवलं नाही.

गावात ते परतले तेव्हा एनिड दुकानाची दारं उघडत होती. डॉरीन घरी गेली. आयव्हरनं फळ्यापाशी जाऊन खडू उचलला आणि लिहिलं: ‘चरख्या, एक, पाइटल.’

“अय्या!” एनिड मागून म्हणाली. “परत आला वाटतं, मिस्टर गुडरम!”

हीच ती वेळ. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याची मान हलायला निघालीसुद्धा होती.

“परत नाही आला,” तो म्हणाला. “गेलाच नव्हता. माझे कान गेलेत, एनिड. बारीक आवाज ऐकू येत नाहीत मला. बहुतेक तीन वर्षं झाली.”

त्याला वाटलं होतं, ती तोंडावर हात ठेवेल. एनिडनं दाराची कडी नीट अडकवली. मग पाव ठेवायच्या फळीवरची नसलेली धूळ पुसली.

“चहा घेता का?” तिनं विचारलं.

तेवढ्यानं त्याला कळलं. “तुला माहीत होतं.”

“मी मागच्या मे महिन्यात सोनतुरा लिहिला होता इथे. तुम्ही पुसलात.”

“मग भांडायचं नाही का माझ्याशी?”

“कशी भांडणार?” एनिडचा चेहरा लाल झाला. “तुम्ही फडकं फिरवत होता ना, तेव्हा तो तुमच्या डोक्यावरच्या झाडातच ओरडत होता. मी इथे उभी. मग मी आत जाऊन बटाटे तोलले.”

आयव्हर चहाला थांबला नाही. उतारावरून हिल्डाच्या घराकडे जाताना त्याच्या मनात मागच्या तीन वर्षांचे चेहरे एकेक करून येत होते. तो ‘पक्षी संपले’ म्हणायचा आणि समोरचा मान डोलवायचा. सगळ्यांनाच ऐकू येत होतं. अख्खं गाव त्याच्यासमोर बहिरं होऊन उभं राहिलं होतं.

हिल्डाच्या स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखंच उघडं होतं. ती मोरीपाशी नाश्त्याच्या बशा धूत होती. खिडकीतून खाली पाइटल दिसत होतं. धुकं उठून गेलं होतं, पण दिवस ढगाळ, मऊ उजेडाचा होता.

“चरख्या आहे,” तो दारातूनच म्हणाला.

“हं,” हिल्डा म्हणाली. “एप्रिलच्या तेवीसपासून. गेल्या वर्षी दोन दिवस आधी आला होता.”

त्याला राग आला. खरा राग, कानशिलं तापवणारा. “मग बोलली का नाहीस? दरवर्षी मला विचारत होतीस, आहे की नाही, आहे की नाही! तीन वर्षं मी त्या पक्ष्याचं सुतक पाळलं, हिल्डा! ऑड्रीबरोबर तोही गेला असं धरून बसलो मी!”

हिल्डानं बशी पाण्यात सोडली आणि वळली.

“ऑड्री गेल्यावर तू दोन महिने दाराबाहेर पडला नव्हतास,” ती म्हणाली. “दुधाच्या बाटल्या बाहेर तशाच. मी येऊन म्हटलं, पाइटल साफ करते. तर तरातरा उठलास, बूट चढवलेस आणि माझ्याशी भांडायला इथपर्यंत आलास. मला वाटलं, चला, चालतो तरी आहे.”

“म्हणजे मशीन?”

“कसलं मशीन? माझे घोडे आहेत तीन, त्यातला एक आंधळा. त्यांना काय करायचंय कुरण.” ती परत बशांकडे वळली. “आणि ऐकू येत नाही हे मी सांगायचं? तुला? फळ्यावरच्या देवाला? मला वाटलं, कान गेले तरी डोळे आहेत. एखाद्या सकाळी दिसेल.”

आयव्हर खुर्चीवर बसला. त्यानं वही काढून टेबलावर ठेवली.

“मोजणी आता दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल,” तो म्हणाला.

“का? डॉरीन ऐकेल, तू बघ.”

“नियमात बसत नाही ते.”

“मग नियमाला सांग, हिल्डा गॅरड म्हणाली म्हणून. आणि त्या डॉरीनला जरा कामाला लाव, बाई नुसती बोलून बोलून—”

हिल्डा थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. ओली बशी हातात तशीच, आणि मान किंचित खिडकीकडे वळलेली. तिचा तो रापलेला, करारी चेहरा असा सैल झाला की आयव्हरला ती एकदम लहान वाटली.

“सुरू झाला?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

“थांबला की सांग मला.”

तो टेबलाशी बसून तिच्या पाठीकडे बघत राहिला. बशीवरचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. खिडकीबाहेर बोरू हलत होता. हिल्डा बराच वेळ काहीच बोलली नाही.